बाबांच्या पायाखालची फरशी

घरातली फरशी बदलायचं ठरलं तेव्हा बाबांची नजर बरीचशी गेली होती. काचबिंदू कडेकडेनं आत सरकतो. आधी बाजूचं दिसणं जातं, मग वरचं-खालचं, आणि शेवटी समोर एक लहानसा गोल उरतो. त्या गोलातून बाबा मोठ्या अक्षरातला मथळा वाचत, माझा चेहरा ओळखत. पण चालताना स्वतःची पावलं त्यांना दिसत नसत.

दुपारी खिडकीतून तिरकं ऊन आत आलं की ते बैठकीच्या दारात थबकायचे. "इथं पाणी सांडलंय का गं?" मी म्हणायचे, "नाही बाबा, कोरडं आहे. या." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिनाभर मी हे उत्तर दिलं. एक दिवस मात्र त्यांच्या जागी जाऊन उभी राहिले आणि डोळे अर्धवट मिटून पाहिलं. दारापासून खिडकीपर्यंत उजेडाचा लांबलचक पाट वाहत होता. पाणीच होतं ते. मीसुद्धा पाय टाकला नसता.

ती चकचकीत दुधी फरशी बारा वर्षांपूर्वी मीच निवडलेली. दुकानात फरशी उभी ठेवलेली असते, वरून दिव्यांचा झोत असतो, आणि आपण दोन पावलं मागे सरून ती चित्रासारखी पाहतो. घरी आली की ती आडवी होते. उजेड तिच्यावर खिडकीतून घसरत येतो. आणि मग वर्षानुवर्षं आपण तिच्याकडे पाहत नाही, तिच्यावर वावरतो. निवडताना मी माझ्या पायांना एकदाही विचारलं नव्हतं. बाबांच्या पायांचा तर प्रश्नच नव्हता; तेव्हा त्यांना सगळं दिसत होतं.

या वेळी ठरवलं की आधी बाबांचे पाय, मग माझे डोळे.

नमुने घरी आणले. सहा-सात प्रकारच्या फरश्या, लाकडाच्या दोन पट्ट्या, लिनोलियमचा एक तुकडा. खिडकीजवळ सगळं ओळीनं जमिनीवर मांडलं आणि बाबांना अनवाणी त्यावरून चालायला सांगितलं. ते एका हातानं माझा खांदा धरून सावकाश चालले. प्रत्येक नमुन्यावर थांबत, पायाची बोटं दाबत, टाच फिरवत. मी काही बोलले नाही. कुठला तुकडा कशाचा आहे हे त्यांना सांगायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं.

लाकडावर ते सगळ्यात जास्त वेळ थांबले. "हे ऊबदार आहे," म्हणाले. खरं तर त्या खोलीतल्या साऱ्याच तुकड्यांचं तापमान सारखं होतं. फरक असतो तो उष्णता वाहून नेण्याच्या वेगात. दगड आणि भाजलेली फरशी तळपायाची ऊब झपाट्यानं ओढून घेतात. लाकूड ती अगदी हळू घेतं. ग्रॅनाइटच्या तुलनेत त्याची उष्णतावाहकता दहा पटींहून कमी आहे. थंड वाटतं ते फरशीचं तापमान नसून आपल्या पायातून निघून जाणारी ऊब असते. म्हातारपणी रक्ताभिसरण मंदावलेल्या पायांना ही गोष्ट आपल्याहून लवकर कळते.

लिनोलियमचा तुकडा बाबांनी उचलून नाकाशी नेला. "रंगाच्या डब्याचा वास येतोय." मला फार आनंद झाला, कारण गोष्ट तिथूनच सुरू झालेली आहे. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रज माणसानं रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर धरलेली रबरासारखी साय पाहिली आणि तिच्यापासून जमिनीवर अंथरायचं काही करता येईल का, या विचारानं तो झपाटला. १८६३ साली त्यानं पेटंट घेतलं. जवसाचं घट्ट केलेलं तेल, राळ, बुचाचा भुगा, खाली तागाचं कापड. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल, म्हणून लिनोलियम. पुढे प्लॅस्टिकचं व्हिनाइल आलं आणि लोक त्यालाही लिनोलियमच म्हणू लागले. दोन्ही वस्तू मुळात वेगळ्या आहेत. आमच्या घरात शेवटी ते बसलं नाही, पण बाबांच्या नाकानं दीडशे वर्षांपूर्वीचा तो डबा उघडला, हे मला विसरता येत नाही.

संगमरवराविषयी मात्र मन घट्ट करावं लागलं. मला तो मनापासून आवडतो. त्याच्या आत उजेड थोडा खोल जाऊन परततो, म्हणून तो जिवंत दिसतो; कुठल्याही छापील फरशीला ते साधत नाही. पण संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज, आणि १८१२ साली फ्रिडरिश मोस यानं खनिजांच्या काठिण्याची जी मोजपट्टी तयार केली तिच्यावर कॅल्साइटचा क्रमांक आहे ३. बाहेरून चपलांना चिकटून येणाऱ्या बारीक वाळूत क्वार्ट्झ असतं, त्याचा क्रमांक ७. म्हणजे संगमरवरावर रोजची ये-जा ही सौम्य पॉलिश पेपरची घासणीच. दारापासून आत जाणारी वाट हळूहळू मंद पडत जाते. शिवाय कुठल्याही आम्लाचा थेंब पडला की तिथला कॅल्शियम कार्बोनेट विरघळतो आणि पांढुरका डाग राहतो, जो पुसून जात नाही, कारण तो डाग नसून खड्डा असतो. ज्यांना हे मान्य आहे, जे जुनी होत जाणारी जमीन प्रेमानं सांभाळू शकतात, त्यांनी संगमरवर जरूर घ्यावा. आमच्या घरात न दिसणारं सांडणार आणि न दिसता राहून जाणार, हे उघड होतं.

मग उरल्या व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारख्या घट्ट भाजलेल्या फरश्या, आणि त्यांच्या खोक्यांवरचे आकडे. हे आकडे आपण वाचत नाही, विकणारेही फारसे वाचून दाखवत नाहीत. पण सगळी माहिती तिथं असते.

पहिला आकडा पाणी शोषण्याचा. ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर फरशी घट्ट भाजलेली, पोर्सिलीन गटातली. भिंतीच्या साध्या फरश्या १० टक्क्यांहून अधिक पाणी पितात. घरी पडताळायचं तर फरशी उलटी करून मागच्या मातकट बाजूवर पाण्याचा थेंब टाकावा. भिंतीच्या फरशीवर तो पाहता पाहता जिरतो, पोर्सिलीनवर तसाच टिकून राहतो. दुसरा आकडा चकाकी चढवलेल्या फरश्यांचा पृष्ठभाग किती झिजेल हे सांगणारा, १ ते ५. पहिल्या वर्गातली फरशी भिंतीवर शोभते. राबत्या घराच्या जमिनीला ४ घेतलेला बरा.

तिसऱ्या आकड्यावर मी अडून बसले. घसरण. ती मोजण्याची पद्धत कळली तेव्हा मला तिचं फार कौतुक वाटलं, कारण त्या चाचणीत खरा माणूस चालतो. जर्मन मानकानुसार फरशी एका हलत्या उतारावर बसवतात, तिच्यावर तेल ओततात, आणि ठरावीक बूट घातलेला माणूस, दोरानं सुरक्षित बांधून, पुढे-मागे चालत राहतो. उतार हळूहळू वाढवत नेतात. पाय घसरू लागेल तो कोन टिपतात. ६ ते १० अंशांत पाय घसरला तर आर ९, १० ते १९ अंशांत आर १०, १९ ते २७ अंशांत आर ११, असं आर १३ पर्यंत. आणि याच्या जोडीला दुसरी चाचणी आहे, ती अनवाणी पायांची, साबणाच्या पाण्यावर. तिचे वर्ग ए, बी आणि सी. १२ अंशांपर्यंत पाय टिकला तर ए, १८ पर्यंत बी, २४ पर्यंत सी. न्हाणीघरासाठी हाच आकडा विचारावा. बूट घालून कोणी आंघोळ करत नाही, तरीही दुकानात आर चाच आकडा सांगितला जातो.

खडबडीतपणा जास्त म्हणजे चांगली फरशी, असंही नाही. फार खरखरीत फरशीवर पाय ओढून चालणारा माणूस अडखळतो, आणि तिच्यातला मळ घासून घासून निघत नाही. बाबा अलीकडे पाय पूर्ण उचलत नाहीत. त्यांच्या पायांनी निवडलेली फरशी मॅट होती, हाताला रेशमी लागणारी, ओली झाली तरी धरून ठेवणारी. मध्यम राखाडी रंग, नक्षी जवळजवळ नाही. नक्षीदार, ठळक चौकड्यांच्या फरश्या मी मुद्दाम बाजूला सारल्या. कमी दिसणाऱ्याला काळा चौकोन खड्डा वाटू शकतो, गडद पट्टा पायरीसारखा भासू शकतो. भिंतीच्या पायथ्याची स्कर्टिंग मात्र गडद घेतली, म्हणजे जमीन कुठं संपते ते त्यांच्या त्या लहानशा गोलातूनही कळावं.

आणि मग बाबा म्हणाले, "सगळीकडे एकच नको. मला पायाला कळू दे कुठं आहे ते."

घरभर एकसंध फरशी दिसायला प्रशस्त वाटते आणि मीही तेच धरून चालले होते. पण त्या एका वाक्यानं सगळा आराखडा बदलला. बैठक आणि मधला बोळ मॅट फरशीचा. स्वयंपाकघरात तिचाच जरा कणीदार भाऊ. बाबांच्या खोलीत लाकडी लॅमिनेट, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पट्ट्या. न्हाणीघरात १० सेंटिमीटरचे लहान चौकोन, सी वर्गाचे. लहान फरशीत सांधे जास्त आणि सांध्यांवर पायाला पकड मिळते. शिवाय ढाळ देताना लहान फरशी जमिनीबरोबर वळते, मोठी वळत नाही. डोळ्यांना हे चार तुकडे दिसतात. बाबांना तो नकाशा झाला.

नकाशा काढणं सोपं, जमिनीवर उतरवणं अवघड. कारण ज्याला पायांनी वाचायचं त्याला दोन पृष्ठभागांमधला ३ मिलिमीटरचा उंचवटा म्हणजे ठेच. फरशी ९ मिलिमीटर जाड, खाली चिकटवण्याचा थर ४ ते ५. लॅमिनेट ८, त्याखालचा फोम २. म्हणजे बाबांच्या खोलीची जमीन चार-एक मिलिमीटर खाली राहणार. हे काम सुरू होण्याआधी कागदावर मांडलं म्हणून त्या खोलीचा कोबा तेवढा उचलून घेता आला. नंतर लक्षात आलं असतं तर दारात एक उतरती पट्टी ठोकावी लागली असती आणि बाबा रोज तिच्यावर अडखळले असते.

जुनी फरशी काढायची की तिच्यावरच नवी बसवायची, यावर दोन दिवस चर्चा झाली. खालची फरशी सगळीकडे घट्ट असेल, आणि दारांखाली व न्हाणीघराच्या उंबऱ्याशी उंची वाढायला वाव असेल, तर वर बसवायला हरकत नसते. धूळ आणि राडारोडा वाचतो. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या. कुठल्या फरश्या सुटल्या आहेत ते बाबांनीच सांगितलं होतं. घरात चालताना ते काठी टेकतात, आणि पोकळीवर काठीचा आवाज बदलतो. "खिडकीपासून तिसरी, आणि कपाटासमोरच्या दोन," असं त्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं. मिस्त्रींनी ठोकून पाहिलं आणि माझ्याकडे पाहत राहिले. त्या तिन्ही पोकळ वाजत होत्या.

फरशी उखडल्यावर घराची खरी जमीन पहिल्यांदा दिसली. तीन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी ठेवली तर मध्ये बोटभर उजेड. मोठ्या फरशीला खालची जमीन तीन मीटरांत ३ मिलिमीटरहून जास्त वरखाली चालत नाही. खड्डे मालानं भरून वर फरशी दाबता येते, खूप ठिकाणी तसंच करतात, पण मग चिकटवण्याचा थर कुठं जाड, कुठं पातळ होतो, वाळताना कमी-जास्त आकसतो आणि कोपरे वर येतात. आम्ही लेव्हलिंगचा, म्हणजे जमीन सपाट करणारा थर ओतून घेतला. बाबांच्या खोलीत पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं जमिनीला बंद करून एक दिवस ठेवला. दुसऱ्या दिवशी आतून बाष्प धरलं नव्हतं, कोब्याचा रंग गडद झाला नव्हता, तेव्हाच लॅमिनेटची खोकी त्या खोलीत आणून उघडी न करता दोन दिवस ठेवली, खोलीची हवा त्यांना लागू दिली. लाकूड आणि लाकडाचा भुसा दमट हवेत फुगतो, कोरड्यात आकसतो. म्हणून भिंतीपासून ८ ते १० मिलिमीटर जागा मोकळी सोडायची आणि ती स्कर्टिंगनं झाकायची. ही फट वाचवायला गेलं की दमट दिवसांत खोलीच्या मधोमध जमीन तंबूसारखी उचलते.

खोक्यांवरचा शेड आणि बॅच क्रमांक मी स्वतः एकेक करून तपासला. एकाच नावाची फरशी वेगवेगळ्या भट्टीला वेगळी निघते, रंगानं आणि चक्क मापानंही. सगळं एकाच बॅचचं आणि दहा टक्के जास्तीचं आणलं. पाच वर्षांनी एक फरशी फुटली तर तीच मिळणार नाही. लावतानाही तीन-चार खोकी एकदम उघडून मिसळून घेतली.

मिस्त्रींचा पहिला दिवस नुसता मोजण्यात गेला. दोरी, पाणसळ, गुण्या. खोली काटकोनात आहे का ते त्यांनी ३-४-५ नं पाहिलं: एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४, तिरका बरोबर ५ आला तर कोपरा सरळ. आमचा कोपरा सरळ नव्हता. मग त्यांनी फरश्या कोरड्याच मांडून पाहिल्या, आणि दाराकडे अख्खी फरशी, कपाटामागे कापलेली, असा हिशेब बसवला. आमचा एकच वाद झाला, सांध्यावरून. मला दोन फरश्यांत फट दिसायला नको होती. ते म्हणाले, "ताई, दोन मिलिमीटर तरी सोडावेच लागतात. ऊन लागलं की तीही फुगणार, तिला श्वास घ्यायला जागा नको?" मी मान्य केलं. सांधा फरशीच्याच रंगाचा भरला, तर तो नजरेला खुपत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, बाबा काठी घेऊन नव्या बैठकीत शिरले. आदल्या दिवशी लावलेल्या भागाला चोवीस तास होत आले होते. ते ओळीओळीनं ठोकत गेले, टक, टक, टक, आणि भिंतीकडच्या ओळीत थांबले. टक ऐवजी टॉक. पुढचीही तशीच. चार फरश्या.

मिस्त्री आले, त्यांनी ऐकलं, आणि काही न बोलता त्यातली एक उचलली. खाली चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मध्ये एक. बाकी सगळी हवा. त्या ओळीवर हात चालवणाऱ्या पोरानं घाईत तसं केलं होतं. बाकीच्या जागी दातेरी थापीनं एकाच दिशेनं ओढलेल्या रेघा होत्या, फरशीच्या पाठीवरही पातळ थर चोपडलेला होता, आणि फरशी रेघांच्या आडव्या दिशेनं किंचित सरकवून दाबलेली, म्हणजे रेघा मोडून आतली हवा बाहेर पडते. कोरड्या खोलीत निदान ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के पाठ चिकटलेली हवी. गोळ्यांवर बसवलेली फरशी वरून तशीच दिसते. तिच्यावर जड वस्तू पडेपर्यंत ती कळतही नाही.

मिस्त्रींनी चारही काढल्या. त्या पोराला त्यांनी ओरडलं नाही. त्याला बाबांच्या शेजारी बसवलं आणि बाबांच्या हातातली काठी त्याच्या हातात दिली. "काका, याला ऐकवा." बाबांनी त्याचं मनगट धरून आधी भरीव फरशीवर ठोकलं, मग पोकळ. तीन-चारदा. पोरगा डोळे मिटून ऐकत होता. त्या दिवसापासून रोज सकाळी तो स्वतःच काठी मागायला यायचा.

न्हाणीघराचं जलरोधक लेपन झाल्यावर जाळी बंद करून चोवीस तास पाणी भरून ठेवलं, खाली कुठं ओल येते का ते पाहिलं. मग ढाळ. एका मीटरला १२-१३ मिलिमीटर. त्याहून कमी दिला तर पाणी साचतं, फार दिला तर म्हाताऱ्या घोट्यांना तो जाणवतो. कोरड्या बाजूकडून आत जाताना पायरी ठेवली नाही, हलका उतार ठेवला.

सगळं संपल्यावर मी तिन्ही ऋतूंत दुपारच्या वेळी दारात उभी राहून पाहिलं आहे. ऊन आत येतं, फरशीवर पसरतं आणि तिथंच निजतं. पाट वाहत नाही.

काम झाल्यानंतरच्या एका रात्री वीज गेली. मी बैठकीत होते, मेणबत्ती शोधत होते, आणि बोळातून पावलांचा आवाज आला. बाबा पाणी प्यायला उठले होते. अंधारात मला काही दिसत नव्हतं, त्यांना तर एरवीही नसतं. पावलं फरशीवर घासत आली, एका जागी थांबली. कणीदार फरशी लागली असणार. मग स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. परत फिरताना ती पुन्हा थांबली, डावीकडे वळली, आणि चार पावलांनंतर आवाज बदलून मऊ झाला. लाकूड आलं होतं.

"मेणबत्ती सापडली का गं?" त्यांनी आतून विचारलं. "थांब तिथंच. मी आणतो, तू अंधारात धडपडशील."